दुसऱ्या नंबरचं दुखणं

माझ्या दुखण्याला नाव नव्हतं. मंदाच्या दुखण्याला होतं, आणि मला त्याचासुद्धा हेवा वाटायचा.

हे वाचून कुणी म्हणेल, काय बाई आहे ही! तर म्हणू दे. आमिनाबाईंनी मला बजावलंय, लिहायचं तर धुऊनपुसून लिहू नकोस. रविवारी त्यांच्याकडे येणाऱ्या मुली, आणि मुलींपेक्षा त्यांच्या आया, दारातच विचारतात, "असं आणखी कुणाला झालंय का हो?" झालंय. मला झालंय. म्हणून लिहितेय.

मी कुसुम. आमचं घर रत्नागिरीत, पण अगदी कडेला, जिथून पुढे नुसता सडा, म्हणजे उघडा कातळ. वडील कचेरीत कारकून, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आई, मी, आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी मंदा. चार माणसं, तीन खोल्या, परसात एक फणस. त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते आणि मॅट्रिकला बसणार होते.

अंडं

मंदाला क्षय झालाय हे दिवाळीच्या सुमाराला कळलं. घरात रडारड झाली. मीही रडले. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून रडले. पण रडणं आठ दिवसांत सरलं आणि मग लाड सुरू झाले.

ओसरीलगतची दोन खिडक्यांची खोली तिला मिळाली. तिथे मी अभ्यास करायचे. माझी पुस्तकं गेली स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. तिला सकाळी लोणी, दुपारी मोसंब्याचा रस, संध्याकाळी दूध. आणि अंडं! ज्या घरात चातुर्मासात कांदा चालत नाही त्या घरात अंडं आलं. परसात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि आई नाकाला पदर लावून ते उकडायची. मला अंडं नको होतं हो, वासानेच मळमळायचं. पण माझ्यासाठी आईने कधी नाकाला पदर लावून काही केलं नव्हतं.

अण्णा कचेरीतून आले की चपला काढायच्या आधी मंदाच्या खिडकीशी. "मंदे, आज बरं आहे ना गो?" मी दारात तांब्या घेऊन उभी असायची. तांब्या घ्यायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. शाळेत मी वक्तृत्वात पहिली आले, त्याच दिवशी तिचा ताप उतरला. संध्याकाळी घरात पेढे आले. ते कशाचे, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

"तुझं काय, तू धडधाकट आहेस," आई म्हणायची. धडधाकट हा शब्द मला शिवीसारखा लागायला लागला. एके दिवशी दुपारी मंदा झोपलेली असताना तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या भांड्यातून मी पाणी प्यायले. चुकून नव्हे, मुद्दाम. म्हटलं, होऊ दे मलाही एकदा काय व्हायचं ते. काही झालं नाही. माझं नशीबच तसलं.

शिमग्यातलं गाऱ्हाणं

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरते. दारात आली की गुरव त्या घराचं गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरात काय अडचण आहे ते देवाला मोठ्याने सांगतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मधे कुणी बोलायचं नसतं, फाटे फोडायचे नसतात.

त्या दिवशी मंदा शाल पांघरून खिडकीत बसली होती. मला हाक मारून म्हणाली, "ताई, तू जोरात म्हण हं." माझा आवाज तसाच होता. शाळेत बाई म्हणायच्या, घंटा बिघडली तर कुसुमला उभी करा.

गुरवाने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या घरातलं धाकटं लेकरू दुखण्याला पडलं हाय, त्येची इडापिडा घेऊन जा नि त्येला हसतंखेळतं कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण दणाणलं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं नाही. जमलं नाही असं नव्हे. म्हटलं नाही. मनात आलं, आजारी असताना एवढं कौतुक, मग बरी झाल्यावर तर काय, हिला डोक्यावर घेऊन नाचतील. नको होऊ दे बरी. गुरवाने तीनदा म्हटलं आणि मी तिन्ही वेळा गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाच्या खोकल्यातून रक्त पडलं. आईने किंकाळी फोडली, "कुसुम, पाणी आण गो!" मी "आणते" म्हणायला गेले आणि तोंडातून नुसती हवा आली.

माझ्यापुरता निकाल तेव्हाच लागला. मी देवापुढे गप्प राहिले म्हणून मंदाला रक्त पडलं, आणि देवाने माझा आवाज काढून घेतला. आता ती मरणार आणि मारणारी मी. हे सांगितलं तर मला घरात कोण ठेवील? मंदा तोंड तरी बघेल का माझं? आणि सांगितलं नाही तर आवाज येणार नाही, हेही मला कुठेतरी ठाऊक होतं. त्या दोहोंच्या मधे मी अडकले.

निदान

ज्येष्ठमध झाला, हळद-मध झालं, गुळण्या झाल्या. मॅट्रिकची परीक्षा आली आणि माझ्याशिवाय झाली. मग अण्णा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आईही आली.

डॉक्टरांनी आरसा घालून घसा बघितला. म्हणाले, "खोक बघू." मी खोकले. चांगली खणखणीत खोकले. आईअण्णा दोघेही दचकले.

"गळ्यात काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे ही सोंग करतेय?" अण्णांचा आवाज चढला.

"सोंग नाही हो. दुखणं खरं आहे. गळ्यात नाही एवढंच. मनाचं आहे."

रत्नागिरीत मनाचं म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एकच इमारत उभी राहते, वेड्यांचं इस्पितळ. शाळेत कुणी विचित्र वागलं की आम्हीच ओरडायचो, "हिला तिकडे पोचवा गो." आता माझीच पाळी. आईने तोंडाला पदर लावला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "हिचं लग्न कसं व्हायचं?" मंदाच्या वेळी तिचं पहिलं वाक्य होतं, "देवा, माझं आयुष्य हिला दे." तिथल्या तिथे मी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आजारपणातसुद्धा आपला दुसरा नंबर!

डॉक्टर म्हणाले, "तिकडे न्यायची काही गरज नाही. आमिनाबाईंकडे न्या. आणि हिला एकटीला पाठवू नका, सगळ्यांनी जा."

आमिनाबाईंनी त्याच इस्पितळात उभं आयुष्य नर्स म्हणून काढलं होतं. नवरा बोटीवर. निवृत्त झाल्यावर त्या दर रविवारी दुपारी प्राथमिक शाळेच्या रिकाम्या वर्गात बसायला लागल्या होत्या. ज्यांच्या घरात पोराबाळांचं काही बिनसलंय त्यांनी यायचं, बोलायचं. औषध नाही, फी नाही, ज्याला जे जमेल ते द्यायचं.

आई म्हणाली, "मुसलमान बाई, त्यातून तिथली. नको गो बाई."

मग आमच्या पद्धतीप्रमाणे देवाला कौल लावला. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार. अण्णांनी प्रश्न अर्ज लिहावा तसा नीट मांडला, "मुलीस सदरहू बाईंकडे न्यावे किंवा कसे?" उजवी पडली. खुद्द देवाने पाठवल्यावर आईचा इलाज खुंटला. तिने आमसुलांची पुडी बांधून घेतली. शेजारी कुणी विचारलं तर शिवणाच्या वर्गाला चाललोय म्हणून सांगायचं ठरलं. अण्णांसकट!

पाटी

या सगळ्यात एक गोष्ट चांगली झाली. अण्णांनी मला लिहून बोलायला पाटी आणली. मी लिहायची, ते वाचायचे, आणि खालती पेन्सिलीने उत्तर लिहायचे. मला ऐकू येतं हे ते विसरूनच गेले होते! मी आठवण करून दिली नाही. रोज संध्याकाळी ते माझ्याशेजारी पाटावर बसून टपोऱ्या अक्षरात लिहायचे, "जेवलीस काय?" मी लिहायची, "हो." ते लिहायचे, "पोटभर?" सबंध वर्षात त्यांनी मला एवढं विचारलं नव्हतं. मंदा खिडकीतून बघायची आणि मला बरं वाटायचं. आवाज परत यावा असं मला तेव्हा फारसं वाटत नव्हतं, हेही लिहून टाकते.

रविवार

वर्गात चटया टाकलेल्या. आमच्याआधी मालगुंडची एक मुलगी आणि तिचे आईबाप बसले होते. ती मुलगी जेवण टाकून बसली होती, अंगावर नुसती हाडं. आमिनाबाई तिचा हात हातात घेऊन होत्या. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, आवाज बसका. मी पाय ठेवते न ठेवते तोच माझ्या मनात आलं, इथेही दुसरीच आधी.

आमिनाबाईंनी आम्हांला विचारलं, "देवाला गाऱ्हाणं घालता ना?"

"घालतो," अण्णा म्हणाले.

"गुरव बोलतो तेव्हा मधेच कुणी म्हणतं का, असं नव्हतं, तसं होतं?"

"छे छे. व्हय म्हाराजा म्हणायचं फक्त."

"मग झालं तर. हितं तसंच करायचं. एकानं गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. पटलं नाही तरी म्हणायचं. भांडण घरी जाऊन करा." मग आईकडे बघून हसल्या. "दचकू नका हो. पालखी आमच्या दारावरून जाते, नारळ आम्हीपण देतो."

पहिलं गाऱ्हाणं आईने घातलं. आधी म्हणाली, माझं कसलं मेलीचं गाऱ्हाणं, आणि मग बोलायला लागली ती थांबेचना. दोन चुली, दोन पोरी, झोप नाही, आणि कधी कुणी विचारत नाही की बाई तू बसलीस का घटकाभर. अण्णांनी तोंड उघडलं. आमिनाबाईंनी नुसता हात वर केला. अण्णा खाली बघत म्हणाले, "व्हय म्हाराजा." आई रडली. मी तिच्याकडे बघत राहिले. हिचाही कुणी हेवा करावा असं काही नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी मात्र तीन रविवार पाटीवर लिहिलं, "मला काही गाऱ्हाणं नाही." चौथ्या रविवारी लिहिलं, "अण्णा माझ्याकडे बघत नाहीत." वाचून दाखवायचं काम अण्णांचं. त्यांनी घसा खाकरून वाचलं, "वडिलांस कामाच्या व्यापामुळे मुलीकडे पुरेसे लक्ष देण्यास सवड होत नाही, तरी त्यांचे प्रेम..."

"अण्णासाहेब," आमिनाबाई म्हणाल्या, "पाटी एवढीशी. येवढा मजकूर मावला कुठं?"

सगळा वर्ग हसला. अण्णा ओशाळले. "सवय हो. लोकांचे अर्ज दुरुस्त करून देण्याची सवय."

उठताना आमिनाबाई म्हणाल्या, "तुमच्या घरातलं चौथं माणूस कुठाय? त्याच्याशिवाय हे पुरं होणार नाही. मीच येते."

फणसाखाली

पावसाच्या आधीचा तो शेवटचा रविवार. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मंदाची खुर्ची फणसाखाली मांडली, आम्ही जरा लांब. आमिनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटी मांडीवर घेतली. पहिल्याच अक्षराला पेन्सिल मोडली, तिचाच तुकडा धरला.

मी लिहिलं, "शिमग्यात सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मी म्हटलं नाही. मंदा बरी होऊ नये असं मला वाटलं."

अण्णांनी पाटी घेतली. मनात वाचली. चेहरा पांढराफटक पडला. मंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाचायला लागले, "शिमग्यात मंदाच्या काळजीने कुसुमचा कंठ दाटून आला, त्यामुळे तिला..."

"खोटं वाचू नका!"

कोण ओरडलं हे आधी मलाच कळलं नाही. आईच्या हातातला पंखा खाली पडला. मग मी थांबलेच नाही. फाटक्या, घोगऱ्या आवाजात मी सगळं ओकले. अंडं, पेढे, खोली, तांब्या, तिच्या भांड्यातलं पाणी. "ही बरी होऊ नये असं वाटलं मला! म्हणून मुद्दाम गप्प बसले! आणि हिला रक्त पडलं ते माझ्यामुळे!"

मग आमिनाबाई हळूच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." आईचे ओठ हलले. तिनेही म्हटलं. अण्णांनी पाटी पोटाशी धरून म्हटलं.

मंदाने म्हटलं नाही. ती उठली. एवढीशी झाली होती. म्हणाली, "मी खिडकीत कान देऊन बसले होते. तुझा आवाज आलाच नाही, तेव्हाच कळलं मला." आत गेली आणि दार ओढून घेतलं.

मी हुंदके देत होते. आमिनाबाईंनी मला जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "रक्त पडलं ते फुप्फुसातनं. तुझ्या गप्प बसण्यात येवढी ताकद असती ना पोरी, तर तुला मी सगळ्या इस्पितळांच्या दारात नेऊन उभी केली असती, बोल म्हणून."

मला त्या वेळी त्या बाईचा राग आला. पण त्या दिवशी मी जेवले आणि झोपले.

पाऊस

आवाज हळूहळू साफ झाला. घर मात्र साफ झालं नाही. मंदा माझ्याशी बोलेना. सबंध पावसाळा. मी समोर असले तरी म्हणायची, "आई, तिला सांग, खिडकी लाव." ज्या आवाजासाठी एवढं केलं तो आला, आणि ऐकायला हवं होतं तेच माणूस कानात बोटं घालून बसलं.

आईने एकदा मला विचारलं, "तुला काय हवंय गो खायला?" सात-आठ महिने ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो आला आणि मला काही सांगताच येईना. अण्णा तांब्या घेताना मुद्दाम माझ्याकडे बघायला लागले, इतकं टक लावून की पाणी सांडायचं. आम्ही दोघं हसायचो. पण आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला की माझ्या काळजात धस्स व्हायचं. ही अशीच गेली, न बोलता, तर? आमिनाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वाट बघ. गाऱ्हाणं तू घातलंस. व्हय म्हणायची सक्ती तिच्यावर नाही."

त्या काळात मी रविवारी चटया घालायला जायला लागले. मालगुंडची मुलगी दोन घास खायला लागली होती. आमिनाबाई तिची पाठ थोपटायच्या. माझी कधी थोपटली नाही. मी मोजत होते.

ऑक्टोबरात मी परीक्षेला बसले. त्याच सुमाराला डॉक्टर म्हणाले, मंदाची छाती आता बरीच साफ आहे, थोडं फिरू द्या. आईला वाटलं ती आधी देवळात जाईल. मंदा म्हणाली, "नाही. रविवारी शाळेत."

आली. चटईवर माझ्यापासून सगळ्यांत लांबची जागा धरून बसली.

"आज कुणाचं?" आमिनाबाईंनी विचारलं.

"माझं," मंदा म्हणाली. हातांची घडी घातली आणि खाली बघत बोलायला लागली.

"मी आजारी पडले तेव्हापासून सगळी माणसं माझ्याकडे बघून हसायची. आई हसायची, अण्णा हसायचे, पाहुणे हसायचे, आणि बाहेर जाऊन रडायचे. मला ऐकू यायचं. माझ्याशी कुणी भांडायचं नाही. मागितलं की मिळायचं. तेव्हा मला वाटायचं, संपलं आपलं. एक ताई तेवढी माझ्या लोण्याकडे बघायची. अशी बघायची की आता हिसकावून घेते. तेव्हा मला वाटायचं, मी जगणार बहुतेक. मरणाऱ्या माणसाचा कुणी हेवा करतं का?"

अण्णांनी तोंड फिरवलं. आमिनाबाईंनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. माझ्यासाठी त्यांनी एकदाही चष्मा काढला नव्हता.

मग सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं, मीही म्हटलं, आणि आम्ही निघालो. चढावर मंदाला दम लागला म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो. किती महिन्यांनी अशा शेजारी शेजारी उभ्या होतो. माझ्या तोंडातून निघालं ते हे, "एवढं चांगलं बोललीस. मेलं तेसुद्धा तुलाच सुचायला हवं होतं?"

मंदाने वर पाहिलं. धाप लागलेली, कपाळाला केस चिकटलेले. तिने माझा हात घट्ट धरला.

"तश्शीच बघतेस," ती म्हणाली. "बघत राहा."